पाटी मावेल ती गाडी

गाडी बघायला जाताना माणसं जाणकार मित्राला घेऊन जातात. माझी आई मासळीची रिकामी पाटी घेऊन आली.

नव्वदचं दशक संपत आलेलं. आई कोपरीत भावाकडे राहायची आणि आम्ही नवरा-बायको स्टेशनच्या पलीकडे, ठाण्यातच. तिची साठी उलटली होती, गुडघे पार गेले होते, तरी रविवार उजाडला की डोक्यावर पाटी घेऊन ठरलेल्या गिऱ्हाइकांकडे निघायचीच. वजन उचलायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं. रिक्षावाले पाटी बघितली की न थांबताच सुटायचे. "आता धंदा बंद कर" म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, "घरी बसवलंस तं मेलेच समज." मग मी ठरवलं, गाडी घ्यायची आणि रविवारी तिला मीच फिरवायचं. नोकरी माझी, लायसन्स माझं, हट्टही माझाच.

हट्टामागे एक जुनी गोष्ट होती. नववीत असताना कबड्डीच्या मॅचसाठी आम्ही मुली खोपटहून कल्याणच्या बसमध्ये बसलेलो. बस सुटता सुटता पाटी घेऊन आई चढली. कल्याणला कुणाकडे हळदीचं जेवण होतं, तिथे मासळी पोचवायची होती. मैत्रिणींनी नाकाला रुमाल लावले. आणि मी? मी खिडकीबाहेर बघत बसले, जसा काही तिथे तमाशाच चाललाय. घंटी वाजली. वळून बघते तर आई खाली उभी आणि बस निघालेली. त्या कंडक्टरला मी वीस वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या. मेल्याने माझ्या आईला उतरवलं! आईने तो विषय कधी काढला नाही आणि मीही नाही.

तर गाडी. छोट्या गाड्या चिक्कार होत्या, स्वस्तही होत्या, पण त्यांत सामान मागच्या सीटला चिकटूनच. म्हणजे पाटी आपल्या मानगुटीवर. जुन्या पद्धतीच्या जाडजूड गाडीची डिकी दणदणीत, पण ती पेट्रोल ढोसायची आणि आमच्या गल्लीत वळायची नाही. उरली एक नवीन, आटोपशीर बांध्याची, वेगळ्या डिकीची, खिशाला झेपेल अशी. पण शोरूममध्ये तिच्याच शेजारी तिची नटवी बहीण उभी. लालभडक, रुंद टायर, मागे पंख. आमचे हे तिच्याभोवती घिरट्या घालायला लागले.

"अगं, इंजिन बघ! हायवेला काय पळेल!"

"आधी कोपरीचा पूल तर ओलांडू दे," मी म्हटलं.

तेवढ्यात आई उठली आणि तिने लाल गाडीची डिकी उघडायला लावली. आत गाण्याचा भलामोठा खोका बसवलेला. पाटी तिरकी करूनही जाईना. सीट इतकी खाली की आई बसली खरी, पण उठवायला दोघं लागले. "ही पोरांची गाडी," तिने निकाल दिला. साध्या गाडीच्या डिकीत मात्र पाटी अगदी अलगद बसली. नवऱ्याने लाल गाडीकडे शेवटचं डोळे भरून बघून घेतलं. बिचारा.

मी जाम खूश. "आय, बघ ना, डिकी कशी वेगळी आहे! पाटी मागे बंद. पुढे वास जरासुद्धा येणार नाही."

"कोनाला नाय येनार?" आईने विचारलं.

मी डिकीचं झाकण उगाच रुमालाने पुसायला लागले.

पाटी बाहेर काढता काढता ती सहज बोलावं तसं म्हणाली, "खोपटला कंडक्टर कायच नव्हता बोलला गो. तिकीट पन फाडलेलं त्याने. तू तोंड फिरवलंस, म्हनून मीच उतरले. तुझ्या मैत्रिनी होत्या ना."

सेल्समन रंगांचं पुस्तक घेऊन आला. मला डोळ्यांतल्या पाण्याने एकही रंग धड दिसेना. कुठल्यावर बोट ठेवलं देव जाणे.

गाडी तीच घेतली. पहिल्या रविवारी कोपरीत गेले, आईच्या हातातली भरलेली पाटी घेतली आणि सरळ मागच्या सीटवर ठेवली. खालून बर्फाचं पाणी ठिबकत होतं.

आई खवळलीच. "येडी झालीस का गो? नवी सीट नासवतेस! डिकी काय शोभेला घेतली?"

"असू दे. तू पुढे बस."

ती पुटपुटत बसली. पुलाजवळ गाड्या अडकल्या, तर शेजारच्या रिक्षात माझ्या ऑफिसातली बाई. मला बघून हसली, मग वास आला असावा, तिने नाकाला पदर लावला. ते बघून आईने झटकन मान फिरवली आणि खिडकीबाहेर बघायला लागली, जशी काही ती माझी कुणीच नाही.

मी काच पूर्ण खाली केली.

"ही माझी आई," मी मोठ्याने म्हटलं. "बोंबील ताजे आहेत, देऊ का?"