तीन हात निळा रंग

त्या वर्षी मी माहेरी जायला चार महिने उशीर केला, असं माझा भाऊ अजून म्हणतो. उशीर मी केला नव्हता. जीपने केला होता, आणि जीप काही एकटीने उशीर करत नसते.

बहात्तरचा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या दसऱ्याची गोष्ट. माझं सासर तिसगावचं. नगरला मिलिटरीच्या जुन्या गाड्यांचा लिलाव व्हायचा. त्यातली एक जीप दोन मालक करून, हिंडत हिंडत आमच्या दारात आली. टायरांना टक्कल पडलेलं, टपाच्या चिंध्या झालेल्या, ब्रेक दोनदा दाबला की तिसऱ्यांदा लागायचा. मामंजी, म्हणजे माझे सासरे, तिच्याभोवती तीन फेऱ्या मारून म्हणाले, "रनगाडा हाय रनगाडा." त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय निघाला नाही.

माझं माहेर जामखेडच्या पुढं डोंगरात. जामखेडपर्यंत एसटी, तिथून दोन कोस गाडीवाट, आणि शेवटी एक खिंड. खिंडीच्या वर दहा-बारा घरांची वस्ती, तिथं आई आणि भाऊ राहायचे. लेक सासरीच झाली, आणि तेव्हापासून, दीड वर्षात, मी तिकडं गेले नव्हते. आईला काचबिंदू झाला होता. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेली ती नजर परत यायची नाही, आणि उरलेलीही जाईल, कधी ते सांगता येत नाही. तिची एकच मागणी होती. नजर आहे तोवर नातीचं तोंड बघायचं.

दिवाळीला भाऊ मुराळी म्हणून आला. लेकीला माहेरी न्यायला तिचा भाऊ येतो, त्याला दोन दिवस ठेवून घेतात, पुरणाचं करून घालतात आणि मग लेकीची बोळवण करतात. साधी रीत आहे. आमच्याकडे भावाला पुरणपोळी मिळाली, मी मिळाले नाही.

मामंजी म्हणाले, "आता दारात जीप आसताना आमच्या घरची सून पायी खिंड चढनार व्हय? लोक काय म्हनतील? तुमी व्हा म्होरं. आमी जीपनं आनून घालतो, पार इहीणबाईंच्या वसरीपतुर."

भाऊ चाचरत म्हणाला, "आईचं डोळं..."

"आवो, डोळं काय पळून चाललेत का? आठ दिसात आलोच म्हनून समजा."

भाऊ एकटाच परत गेला. मी चुलीपाशी बसून भाकरी थापल्या आणि त्या दिवशीच्या सगळ्या भाकरी करपवल्या. कुणाला काही कळलं नाही. सगळे जीपपाशी होते.

मामंजी माणूस वाईट नव्हते. हौशी होते. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

जीप डोंगरात न्यायची म्हणून तयारी सुरू झाली. तयारीचे मुख्य सल्लागार माझे चुलत सासरे. ते लष्करात होते, आणि त्यामुळे जीपमधलं सगळं त्यांना कळतं असं गाव धरून चालायचं. ते लष्करात स्वयंपाकी होते. जीप त्यांनी भटारखान्याच्या खिडकीतून पाहिलेली. पण ते कमरेवर हात ठेवून "इंजान जड चालतंय" असं म्हणाले की मामंजींची मान आपोआप हलायची.

दुसरा जाणकार म्हणजे सडकेवरचा मिस्त्री. जीप आली त्याच आठवड्यात त्याने एक मोठं काम करून ठेवलं होतं. जीपच्या पोटाखाली पुढच्या चाकांना जोर देणारा एक लोखंडी दांडा असतो. मिस्त्री त्याला शाफ्ट म्हणायचा. हा दांडा असला तर चारही चाकं ओढतात, नसला तर मागची दोनच. मिस्त्रीने सांगितलं की सपाटीला त्याचा काही उपयोग नाही, उगाच पेट्रोल खातो, सगळे काढूनच टाकतात. लगेच दांडा काढला. एवढ्यावर राहिलं असतं तर मिस्त्रीने तो कोपऱ्यात टाकला असता आणि पुढं कधीतरी परत बसवलाही असता. पण दुसऱ्याच दिवशी खंडेनवमी होती.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात. कोयते, कुऱ्हाडी, पहार, नांगराचा फाळ हे सगळं मांडलं होतं. मामंजींनी तो दांडा घासूनपुसून मधोमध ठेवला. लष्करातलं लोखंड, म्हणजे हत्यारच, असं चुलत सासऱ्यांनी ठरवलं. त्याला हळदकुंकू झालं, झेंडूची माळ झाली, नारळ फुटला. आता पुजलेली वस्तू पुन्हा जीपच्या पोटाखाली, चिखला-शेणात कशी लावायची? दांडा देवघराच्या कोपऱ्यात उभा राहिला. रोज सकाळी देवांबरोबर त्यालाही कुंकू लावायचं काम माझ्याकडे आलं. ज्याच्या जोरावर मी माहेरी पोचणार होते, त्याला मी चार महिने गंध-फुलं वाहत होते.

एकदा धीर करून मी नवऱ्याला विचारलं, "खिंडीत हा लागेल ना?"

नवऱ्याने वडिलांना विचारलं. वडिलांनी चुलत्यांना विचारलं. तिथून उत्तर आलं, "बायामानसांनी मशिनरीत पडू न्हाई." ते उत्तर नवऱ्याने मला आहे तसं आणून दिलं, आणि वर हसला. तो हसला नसता तर मी विसरून गेले असते.

दिवाळीनंतर रंग निघाला. मिलिटरीचा तो मातकट हिरवा रंग सरकारी वाटतो, सोयऱ्याच्या दारात जप्ती आल्यासारखं दिसेल, असं मामंजींचं मत पडलं. निळा ठरला. पहिला हात दिला, तो वाळेपर्यंत पाच दिवस कुणी हात लावायचा नाही. दुसरा हात दिला, त्यावर वारं सुटून सगळ्या गावाची धूळ बसली. ती घासून काढून तिसरा हात. ब्रेक अजून तिसऱ्यांदाच लागत होता, पण त्याला रंग देता येत नसल्यामुळे तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

डिसेंबरात लढाई लागली. मामंजींनी जीपच्या दोन्ही दिव्यांना वरून अर्धा अर्धा काळा रंग फासला. पाकिस्तानचं विमान एवढं मोठं नगर सोडून तिसगावातली एक उभी, बंद पडलेली जीप शोधत येणार होतं. चौदा दिवसांत लढाई संपली. काळा रंग निघेना म्हणून आणखी आठ दिवस गेले. देशाने लढाई आटोपली, आमची जीप दारातच होती.

संक्रांतीच्या सुमारास भावाचं कार्ड आलं. सातवीपर्यंत शिकलेली मी घरात एकटीच, म्हणून कार्ड मीच मोठ्याने वाचून दाखवलं. लिहिलं होतं, 'आईला आता माणूस तोंडावरून कळत नाही. उजेडात, अगदी जवळ धरलं तर थोडं दिसतं. लवकर यावे.' मामंजी गंभीर झाले. खरंच झाले. डोळ्यात पाणी आलं त्यांच्या. उपरण्याने ते पुसून म्हणाले, "आता उशीर न्हाई करायचा. शिंप्याला सांगा, आजच्या आज जीपचं पडदं शिवायला घे."

पडद्यांना गोंडे लागतात. गोंडे पाथर्डीच्या बाजारातून आणले. बॉनेटला बैलांच्या घुंगरमाळा बांधल्या. आरशाला लिंबू-मिरची, बंपरला काळी बाहुली. मागे पाण्याचे दोन पिंप, दोर, पहार, दोन फावडी, ज्वारीचं अर्धं पोतं, कारण सोयऱ्याकडे रिकाम्या हाताने जायचं नसतं. या सगळ्याला आणखी पंधरा दिवस लागले.

निघायचा बुधवार उजाडला. मी लेकीला काजळ लावून, नवं झबलं घालून, बोचकं घेऊन दारात उभी. जीपमध्ये पुढं मामंजी, मिस्त्री चालवायला. चुलत सासरे जाणकार म्हणून. नवरा, जावई म्हणून. भावकीतल्या तिन्ही घरांतून एकेक माणूस, कारण एकाला नेलं आणि दुसऱ्याला ठेवलं तर तिसऱ्याचा मान दुखावतो. मागच्या फळीवर पिंप आणि पोतं. मी मोजून पाहिलं, सात माणसं बसली होती आणि माझी जागा ज्वारीच्या पोत्याने घेतली होती.

मामंजींनीही पाहिलं. जरा खजील झाले. मग म्हणाले, "असं करू. आज वाट बघून येतो. दुसऱ्या खेपंला तुला निवांत नेतो, सूनबाई."

घुंगरं वाजवत, हँडल मारून, चार जणांनी ढकलून जीप निघाली. पोरं मागे धावली. आख्खं गाव बघत होतं, आणि मी ज्या कामासाठी ही जीप निघाली होती ते काम कडेवर घेऊन दारात उभी होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. सासूबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "नगरची येष्टी नवाला आसती."

एवढंच म्हणाल्या. मी त्यांच्या पाया पडले आणि स्टँडकडे सुटले.

नगरला गाडी बदलली, दुपारी जामखेडला उतरले. लेकीला झोळीत पाठीशी बांधलं आणि चालायला लागले. मला वाटलं होतं जीप केव्हाच वर पोचली असेल. पण मंडळींनी वाटेत तीन सोयऱ्यांच्या दारात जीप उभी करून चहा घेतला होता, आणि प्रत्येक दारात ती पुन्हा ढकलावी लागली होती.

खिंडीच्या पहिल्याच वळणाला निळं काहीतरी दिसलं. मागची दोन्ही चाकं मुरुमात गरागरा फिरत होती, पुढची दोन्ही शांत बसली होती. चार माणसं ढकलत होती. मिस्त्री आत. चुलत सासरे बाजूला दगडावर बसून कसा जोर लावायचा ते सांगत होते. मामंजी चाकाखाली माझ्या माहेरासाठी आणलेलं ज्वारीचं पोतं घालत होते.

नवऱ्याने वर पाहिलं. घामाने डबडबलेला. "तू? कुठं चाललीस?"

"माहेरी," मी म्हणाले. मग राहवलं नाही. "देवघरातला दांडा आणायचा होता. मी रोज कुंकू लावून तयार ठेवला होता."

मिस्त्रीने मान खाली घातली. मामंजी काहीतरी बोलणार होते, पण मी डोक्यावरचा पदर सारखा करून पुढं गेले. आयुष्यात एवढी सुखाची चढण मी चढले नाही.

वर वस्तीत आई ओसरीवर बसली होती. माझी चाल ऐकून उठली. मी तिला परत बसवून लेकीला मांडीवर दिलं, ऊन येत होतं तिकडं लेकीचं तोंड केलं आणि म्हणाले, "बघ, आई."

आईने तिच्या तोंडावरून बोटं फिरवली. कपाळ, भुवया, हनुवटी. मग नाकापाशी थांबली आणि म्हणाली, "नाक कुनावर गेलंय गं हिचं?"

मी भावाकडे पाहिलं. तो म्हणाला, "आठ दिस झालं, उजेड बी कळंना." आणि दाव्याला हात घालून बैल सोडायला लागला, कारण खिंडीतून हाका यायला लागल्या होत्या.

दिवस मावळायच्या आत जीप वर आली. पुढं भावाची बैलजोडी, मागे दोर, आणि बॉनेटवरच्या घुंगरमाळा वाजतायत. वस्तीतली सगळी माणसं जमली. मामंजींनी उपरण्याने बॉनेटवरची धूळ पुसली, घसा साफ केला आणि आईपुढे येऊन हात जोडले.

"इहीणबाई, शब्द दिल्ता, आलो का न्हाई जीप घिऊन? बघा तरी."

त्यांच्या लक्षातच नव्हतं. किंवा होतं आणि तोंडून निघून गेलं. मी आजही सांगू शकत नाही. भाऊ पुढं होऊन काही बोलणार, तेवढ्यात आई माझा हात धरून चार पावलं चालली. जीपला हात लावला, पत्र्यावरून सावकाश फिरवला, गोंडे चाचपले.

"लई देखनी हाय, इवाई," ती म्हणाली. "रंग तर काय, नजर ठरत न्हाई."

मामंजी खूष झाले. मिस्त्रीला हाक मारून रंगाची हकीकत सांगायला लागले. आई माझ्याकडे वळली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं, "कोनता रंग हाय गं?"

"निळा," मी म्हणाले.

तीन हात द्यायला वीस दिवस लागले होते. ते मी तिला सांगितलं नाही.