अमावास्येचा बंद बाजार

कांद्याच्या सालांचा वास आला की आधी आठवतात, लासलगावात मला ठेवून घेणाऱ्या मावशी. सातवीतच शाळा सुटलेली; अठराव्या वर्षी हरसूलहून एकटी कामाला आले, तर कांदा बाजारात एकही ट्रॅक्टर नव्हता. आवार झाडणाऱ्या मावशी हसल्या, “अगं, आज अमावस्या हाय, लिलाव नाय. तुमच्याकडं पाळत नाय व्हय?” “नाही, आम्ही रोजच कामाला जातो.” एका तिथीपायी एवढा बाजार थांबतो, हे मला ठाऊकच नव्हतं. काम न मिळता परतले असते, तर घरच्यांनी पुन्हा सोडलं नसतं. मी रडवेली झाले. “चल माझ्या घरी. उद्या मुकादमाला सांगते, भाची हाय माझी.” त्यांनी गरम बाजरीची भाकरी वाढली, आणि दुसऱ्या दिवशी मी कांदे निवडायला बसले. आता मी आणखी लांब असते, काम सुटेल ही धास्ती अजून आहेच. पण एकदा आमच्याकडच्या नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ घेऊन लासलगावला जाईन, तेही अमावास्येलाच, आणि मावशींना बसवून माझ्या हातची भाकरी वाढीन.