आईचं एकटीचं गाणं

माझी आई गाते, हे आमच्या घरात फक्त मला माहीत होतं. पाटसच्या अलीकडं आमची वस्ती. मी लहान असताना आबा, म्हणजे माझे वडील, दिवाळी झाली की भावकीबरोबर मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरायचे ते पावसाच्या तोंडावर परतायचे. थोडी जमीन होती, माझी शाळा होती, म्हणून आई मागं राहायची. दुपारी वस्तीवर कुणी नसलं की भांडी घासता घासता ती हळू आवाजात म्हणायची,

भाकर थापिते, एकटीच्या खाया
चुलीच्या उजेडी, माझीच गं छाया

हे गाणं तिला तिच्या मावशीकडून आलेलं. त्या मावशीचा नवराही मेंढरांमागंच असायचा. माझी चाहूल लागली की आई गप्प व्हायची आणि विचारायची, "भूक लागली व्हय?" मी भिंतीआड उभी राहून ते गाणं पाठ केलं.

लग्न होऊन मी सणसवाडीला आले. नवरा कंपनीत, शिफ्टची नोकरी. भाड्याची खोली, आजूबाजूला बिहारकडच्या बायका. त्यांचं हिंदी मला कळायचं नाही, माझं बोलणं त्यांना. नवरा घरी असेल तेव्हा बहुतेक झोपलेला. हळूहळू आईचं गाणं आपोआप माझ्या तोंडी बसलं. मला त्याची लाजच वाटायची. नवरा चांगला, कधी आवाज चढवून बोलला नाही. भरल्या संसारात असलं गाणं ओठांवर यावं कशाला?

गेल्या उन्हाळ्यात शिरूरला पुतणीची हळद होती. बायका एकेक गाणं म्हणत होत्या. थोरल्या जाऊबाईंनी माईक माझ्यापुढं धरला.

"तुझ्या माहेरी गाणी लई असत्याल. म्हण की एखादं."

हळदीचं एकही गाणं मला सुचेना. आलं ते हेच. दुसऱ्या ओळीलाच मी सगळ्यांदेखत रडायला लागले. कुणीतरी माईक काढून घेतला. सासूबाईंनी माझ्याकडं नाही, त्यांच्या लेकाकडं बघितलं. तो मांडवाच्या खांबापाशी उभा होता. त्यानं मान खाली घातली.

परतताना शिक्रापूरच्या गर्दीत गाडी थांबली, तेव्हा मागं न बघता त्यानं विचारलं, "माझ्याकडं तुला काय कमी हाय?"

"काही नाही."

"मग लोकांत असं का केलंस?"

"ते माझ्या आईचं गाणं आहे हो," मी म्हणाले. "आबा मेंढरांमागं गेले की ती म्हणायची. तिची आठवण आली."

त्याचे खांदे सैल झाले. मलाही सुटल्यासारखं वाटलं. माझं एकटेपण मी सरळ आईच्या नावावर ढकललं होतं.

नवऱ्यानं मग ते सगळ्या नातेवाइकांना सांगितलं. हळदीतला व्हिडिओ मोबाईलवर फिरत होताच. 'माझ्या सासूबाईंचं जुनं गाणं' असं लिहून त्यानं तो माझ्या भावालाही पाठवला. भावानं कौतुकानं घरात सगळ्यांपुढं लावला.

आईचा फोन आला. "ते मी कुणाला ऐकवायला म्हणत न्हवते गं," एवढंच ती म्हणाली.

मी पाटसला गेले. आबा बाजेवर बसले होते. त्यांनी व्हिडिओ लावायला सांगितला. ऐकून झाल्यावर म्हणाले, "गाणी आमी बी म्हणायचो. एकानं सुरू केली की चार जण मागनं वढायची. हिच्या मागनं कुणीच न्हवतं. मला कवा म्हनली न्हाई."

आई आत होती. तिला सगळं ऐकू जात होतं.

निघताना ती मला सोडायला हायवेपर्यंत आली. बस दिसली तेव्हा तिनं विचारलं, "तुला बी तिथं एकटं वाटतं का गं?"

"छे. मला कशाला वाटेल?"

बसमध्ये बसल्यावर जीव राहीना. जिनं हे ओळखलं, तिच्याशीच मी खोटं बोलले होते. चौफुल्याच्या आसपास मी फोन लावला.

"आई, वाटतं."

ती म्हणाली, "जवा वाटंल तवा फोन करीत जा. आन् त्यांना बी सांग. आमच्यासारखं नगं करू."

त्याच आठवड्यात नवऱ्याला चहा देताना मी सांगितलं. तो चिडला नाही. "मला कळलंच न्हाई," म्हणाला. आता सुट्टीच्या दिवशी तो झोपेचा थोडा वेळ मोडून माझ्याजवळ बसतो. बोलायला दोघांनाही फारसं सुचत नाही, पण बसतो.

आईशी दुपारी बोलणं होतं. पीक, शेरडं, भावाची पोरं. एकदा मी हळूच गाण्याचा विषय काढला, तर म्हणाली, "आता ते कशाला? सगळ्यांनी ऐकलंय." भाऊ सांगतो, ती आता भांडीसुद्धा गप्पच घासते.