आत्याची खुर्ची

माझी आत्या खड्डे भरते. काय करता म्हणून कोणी विचारलं, की ती एवढंच सांगते आणि समोरच्याचं तोंड बघत बसते. खरं तर ती बागा आणि अंगणं करणाऱ्यांना भराव पुरवते. मुरूम, खडी, माती, कधी पाडलेल्या घराचा राडारोडा. तिच्याकडे एक टेम्पो आहे, हाताखाली दोन माणसं आहेत आणि एक लोखंडी खुर्ची आहे.

या खुर्चीशिवाय तिचं कुठलंही काम पुरं होत नाही. भरावाचा एकेक थर पाणी मारून, धुम्मसाने ठोकून पक्का केला, की आत्या टेम्पोतून ती बारीक पायांची खुर्ची काढते, बरोबर मधोमध मांडते आणि तीत बसून चहा पिते. अंगाने ती चांगली भरभक्कम आहे. "हे वजन काय उगीच बाळगलंय का मी?" असं तीच म्हणते. चहा संपेपर्यंत पाय रुतले नाहीत तर काम पास. रुतले तर माणसांनी पुन्हा धुम्मस उचलायचा. चहा गिऱ्हाइकानं द्यायचा, आणि तो गरम हवा.

भराव ठरवण्याआधी तिचा एकच प्रश्न असतो. "इथं काय करणार? चालणार, की झाडं लावणार?" चालायचं असेल तर मुरूम, झाडं लावायची असतील तर माती. "दोन्ही" असं कोणी म्हणालं, की आत्या सरळ काठी घेऊन जमिनीवर रेघ ओढते. रेघेच्या अलीकडे पाय, पलीकडे मुळं. यात तडजोड नाही.

तिची खरी कसोटी लागली ती आमच्याच घरी. माझे बाबा, म्हणजे तिचा दादा, घड्याळं दुरुस्त करतात. त्यांची कामाची खोली घराच्या मागे, बागेच्या टोकाला. मध्ये पूर्वी पाण्याचा हौद होता. तो पाडल्यावर गुडघाभर खड्डा राहिला, आणि आम्ही वर्षानुवर्षं त्यावरच्या फळीवरून ये-जा करत होतो. मग बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. हात वाचले, पण डावा पाय ओढावा लागतो आणि वॉकरशिवाय चालता येत नाही. वॉकर फळीवरून जात नाही.

मी म्हटलं, घड्याळं घरात आणू. ते म्हणाले, "नको." म्हटलं, आम्ही उचलून नेऊ. ते म्हणाले, "उचलून न्यायची वेळ येईल तेव्हा चौघं नेतीलच. तोवर मी माझ्या पायांनी जाणार." त्या खोलीची किल्ली त्यांनी दोऱ्यात ओवून गळ्यात घातली होती आणि दिवसभर ती चाचपत खिडकीशी बसायचे. हसणं तर पार बंद झालं होतं. मला ते बघवत नव्हतं.

आत्या आली, खड्डा बघितला आणि म्हणाली, "मुरूम."

"माती," बाबा म्हणाले. "दोन्ही बाजूंना गुलाब लावायचेत."

"गुलाब बाजूला लाव की. तू चालणार त्याखाली मुरूमच."

"मी मोठा की तू?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हा असा. दोन दिवसांनी मी कामावरून परतले, तर खड्डा काठोकाठ भरलेला. शेजारच्या गल्लीत कोणाच्या तरी घराचा पाया खणत होते. तिथली काळी माती फुकट मिळतेय म्हणताच बाबांनी फोन करून दोन ट्रॉल्या मागवल्या होत्या. फुकट ते पौष्टिक. वर माती बसावी म्हणून मागच्या दारात खुर्ची टाकून दुपारभर पाइपानं पाणी मारलं होतं.

आत्याला कळवावंच लागलं. आता घरात रण माजणार, अशी माझी खात्री होती. पण आत्यानं आल्याआल्या एकदा खड्डा बघितला. टेम्पोतून खुर्ची काढली, त्या काळ्याभोर लोण्यात मांडली आणि पदर खोचून बसली.

खुर्ची आधी डावीकडे गेली, मग मागे गेली, मग आत्यासकट गेली. चिखलात उताणी पडून ती आभाळाकडे बघत शांतपणे म्हणाली, "दादा, चहा पाठव."

दारात काहीतरी खुसखुसलं. बाबा हसत होते. अर्ध्याच तोंडाचं वाकडं हसू, पण डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मीही हसले आणि मग थोडी रडलेही.

काळी माती उपसून कडेच्या वाफ्यांत गेली. खड्ड्यात मुरूम पडला, थर चढत गेले, धुम्मसाच्या आवाजानं शेजारी हैराण झाले. शेवटी आत्यानं शोभेला वर टाकायला गुळगुळीत गोटे आणले. बाबांनी एक गोटा हातात घेऊन फिरवला.

"यावरून माझा वॉकर नेऊन दाखव."

आत्यानं वॉकर नेऊन बघितला. तिसऱ्याच पावलाला तो अडकला. "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं," ती म्हणाली, आणि गोटे निमूटपणे टेम्पोत परत गेले. बाबांचा चेहरा त्या दिवशी फारच प्रसन्न होता.

वरून दगडाचा बारीक कच दाबून झाला तेव्हा आत्यानं खुर्ची काढली. पण या वेळी मधोमध नाही, थेट खोलीच्या दाराशी मांडली आणि बसली.

"चहा?" मी विचारलं.

"थांब जरा. दादा, ये."

बाबा निघाले. मी धरायला पुढे झाले, तशी ती तिकडूनच म्हणाली, "हात लावू नकोस त्याला. जमीन माझी आहे." वॉकर पुढे, मग उजवा पाय, मग ओढत डावा. जिथे हौद होता तिथे ते थांबले. वॉकर उचलून त्यांनी दोनदा खाली आपटला आणि कान देऊन ऐकलं, घड्याळाचं ऐकतात तसं. मग पुढे निघाले.

आत्यासमोर पोचल्यावर त्यांनी गळ्यातली किल्ली काढली. "सरक. दार अडवून बसलीस."

आत्या उठली, खुर्ची बाजूला घेतली. बाबांनी कुलूप काढलं, आत गेले, आणि थोड्या वेळानं एका घड्याळाला किल्ली दिल्याचा कर्रकर्र आवाज आला. मग दुसऱ्या घड्याळाला दिल्याचा. आत्या वाकून मागची जमीन बघत होती, वॉकरच्या पायांनी कुठे खळगा पडलाय का ते. कुठेच पडला नव्हता.

"आता चहा आण," ती मला म्हणाली. "दोन कप. इथं नको, आत आण."