डुलकीची खुर्ची

माझे मामा माणसाला चेहऱ्यावरून ओळखत नाहीत, बसण्यावरून ओळखतात. गाड्यांच्या सीटा शिवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. दुकानात कोणी आलं की आधी त्याला स्टुलावर बसवायचं, मग कामाचं विचारायचं. माणूस एका बाजूला कलला की खिशातलं पाकीट कमी करायला सांगणार, पुढं सरकून बसला की कंबर कधीपासून धरली ते विचारणार. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना त्यांनी पहिल्याच भेटीत, चहा येण्याआधी, मूळव्याधीबद्दल विचारलं होतं. तरीही माझं लग्न झालं, ते केवळ सासऱ्यांना खरोखरच मूळव्याध होती म्हणून. आज ते मामांचे परमभक्त आहेत.

दुकान म्हणजे मालट्रक उभे राहतात त्या मैदानाच्या कडेची एक लांबट खोली. फोमच्या लाद्या छताला टेकलेल्या, चिकटवायच्या सोल्यूशनचा डोक्यात जाणारा वास, आणि जमिनीवर रेक्झिनच्या कातरणांचा असा खच की हरवलेली सुई पायातच सापडायची. तिथं मामांना सगळे 'मास्तर' म्हणतात. मास्तरांचं एक तत्त्वज्ञान होतं. चालकाची सीट आणि शेजारच्याची सीट एका हातानं शिवायची, पण एका मनानं नाही. चालकाची कडक हवी, कारण चालकाला झोप लागली तर मागच्या सगळ्यांना कायमची लागते. शेजारच्याची मात्र अशी हवी की टेकला आणि गेला. आसन खोलगट, गुडघे जरा वर, पाठ मागं रेललेली आणि मानेपाशी मऊ फोमचा जाड वळसा. या दुसऱ्या प्रकारात मामांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मामी म्हणायच्या, ह्यांच्या सीटेवर बसलेला माणूस उतरायचं ठिकाण चुकतो, आणि ह्यांच्याशी लग्न केलेली बाई आयुष्यभर उभी राहते.

मामांची मुलगी, माझी ताई, पलीकडच्या गल्लीत राहते. तिला मुलगी झाली, घरातलं नाव ठमी. ठमीला मांडीवर घेतलं की झोप, खाली ठेवलं की भोंगा. ताईनं बाजारातून एक हलती खुर्ची विकत आणली. वाकवलेल्या सळईवर पातळ कापड ताणलेलं. बाळानं पाय झाडले की खुर्ची वरखाली उडते आणि बाळ स्वतःवरच खूश होतं. मामांनी ती उचलून उलटी केली, कापडाला टिचकी मारली आणि म्हणाले, "ही खुर्ची की चाळणी? दोन दिवसांत पोरीच्या पाठीला जाळी उमटेल."

मग त्यांनी स्वतः खुर्ची केली. सळई ओळखीच्या लोहाराकडून वाकवून घेतली आणि वर आपली सगळी विद्या ओतली. मी तेव्हा दुकानात बसलो होतो. मी विचारलं, ही चालकाची सीट की शेजारच्याची? मामा हसले. म्हणाले, "बाळ काय गाडी चालवणार आहे? शेजारचीच." आसन खोलगट झालं, पाठ रेललेली झाली, मानेशी फोमचा वळसा आला. पट्टासुद्धा मऊ गुंडाळलेला, म्हणजे करकचून बसायला नको. ठमीला त्यात ठेवलं. तिनं दोनदा पाय झाडले, एकदा जांभई दिली आणि झोपली. ताईनं त्या दुपारी केस धुतले. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच घाई न करता धुतले, असं ती नंतर सगळ्यांना सांगत होती, आणि तिथून मामांचा लौकिक सुरू झाला.

बायका एकमेकींना काय सांगतात याचा वेग कुठल्याही गाडीला गाठता येणार नाही. ड्रायव्हरच्या बायका आल्या, शिक्षिका आली, मामींची मैत्रीण सुनेसाठी मागायला आली. मामा हौसेनं करून देत. बाळ किती लवकर झोपतं याच्या गोष्टी दुकानात परत येत आणि मामा त्या गोष्टी ट्रकवाल्यांना ऐकवत. एका आजीबाईंनी तर विचारलं की मोठ्या मापात होईल का, यजमानांना रात्री झोप नाही.

यातली एक खुर्ची काजवालीकडे गेली. मामांच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर एका खोलीत ती राहते. कपड्यांच्या कारखान्यातून शर्टांचे गठ्ठे येतात, ती मशीनवर काजं पाडून परत पाठवते. नवरा लांब कामाला, महिन्या-दोन महिन्यांनी येणारा. बाळ लहान, तीनेक महिन्यांचं, अंगानंही नाजूक. तिनं बसवलेली सोय बघण्यासारखी होती. उजवा पाय मशीनच्या पायपट्टीवर, डावा पाय खुर्चीच्या सळईवर. उजव्यानं काज पडायचं, डाव्यानं बाळ झुलायचं. दोन्ही हात शर्टावर, डोळे सुईवर. खुर्ची तिच्या घरी खेळणं नव्हती, तिसरा हात होती. ती मामांना म्हणायची, मास्तर, तुम्ही मला माणूस दिलंत.

एके दुपारी मामा जेवून दुकानाकडे निघाले होते. दार उघडंच होतं म्हणून कौतुकानं डोकावले. मशीन खडखडत होतं, बाळ झोपलं होतं. मामांनी त्याचं बसणं पाहिलं; सवयच ती. बाळ फोममध्ये खाली घसरून बसलं होतं. मागच्या वळशानं डोकं पुढं ढकललं होतं आणि हनुवटी छातीत रुतली होती. बारीक घोरण्याचा आवाज येत होता. मामा हसून काजवालीला म्हणाले, साहेब घोरतात बघा. ती मान न वळवता हसली. मग घोरणं थांबलं. मामा तसेच उभे राहिले, पुढच्या घोरण्याची वाट बघत. ते आलं नाही. बाळाच्या ओठांचा रंग बघून मामा खाली वाकले, पट्टा सोडायला गेले तर त्यांच्याच मऊ गुंडाळीत बोटं अडकली, शेवटी बाळाला तसंच वर ओढून काढलं. मान मागं गेली, बाळानं हुंदक्यासारखा श्वास घेतला आणि मग रडलं. मामा सांगतात, इतकं चांगलं रडणं त्यांनी आयुष्यात ऐकलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी बाळाला तपासलं, दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं. बाळ ठीक होतं. त्यांनी खुर्ची आणायला सांगितली. मामा ती डोक्यावर घेऊन गेले. बाईंनी आसनात तळहात दाबला, हात मनगटापर्यंत आत गेला. त्या रागावल्या असत्या तर मामांना सोपं गेलं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, या वयात डोकं जड आणि मान कच्ची असते. असं अर्धवट बसवून झोपवलं की हनुवटी खाली पडते आणि श्वासाची वाट दुमडते. बाळाला मान उचलता येत नाही, आणि आवाजही करता येत नाही. हलती खुर्ची वापरायचीच तर बाळ जागं असताना, जमिनीवर ठेवून, पट्टा नीट लावून, समोर माणूस बसलेलं असताना, तीही थोडाच वेळ. डोळे मिटायला लागले की उचलून सपाट, कडक गादीवर पाठीवर झोपवायचं. दाराच्या चौकटीला टांगून उड्या मारायच्या खुर्च्यांचंही विचारून झालं, कारण तशीही एक मागणी मामांकडे आली होती. त्या म्हणाल्या, मान पक्की धरेपर्यंत नावच काढू नका. नंतरही घटकाभरच, आणि चौकट सुटली तर काय, हा विचार आधी करा.

मामा म्हणाले, "बाई, पण पोरं त्यात झोपतात म्हणून तर लोक नेतात."

"तेच तर," बाई म्हणाल्या.

मामा दुकानात आले आणि स्टुलावर बसले. ज्या स्टुलावर ते लोकांना बसवायचे त्याच्यावर. दुसऱ्या दिवसापासून ते खुर्च्या परत गोळा करायला निघाले.

वाटतं तितकं ते सोपं नव्हतं. वाईट वस्तू परत मागणारा दुकानदार लोकांनी बघितलेला नसतो. शिक्षिकेनं ऐकून घेतलं, प्रश्न विचारले आणि लगेच खुर्ची दिली. बाकीच्यांना त्यात काहीतरी डाव दिसला. एकीला वाटलं नवीन नमुना निघालाय. एकजण म्हणाला, आमचं पोर ठणठणीत आहे, तुम्हालाच मास्तर विश्रांतीची गरज आहे. मामींच्या मैत्रिणीनं आमच्या वेळची कॅसेट लावली: आमच्या वेळी कसले डॉक्टर, कसली गादी, आम्ही वाढलोच ना? मामा एरवी अशा वेळी फटकन बोलणारे. या वेळी फक्त म्हणाले, जे वाढले तेच सांगायला येतात, वहिनी. त्यावर ती बाई आतून खुर्ची घेऊन आली.

एक मात्र मिळाली नाही. एका ड्रायव्हरच्या बायकोनं स्वतःचं बाळ रांगायला लागल्यावर ती नणंदेला दिली होती, नणंदेनं शेजारणीला, आणि शेजारीण घर बदलून गेली होती. बाळाच्या वस्तू अशाच फिरतात. झबली, दुपटी, खुळखुळे. कोणी विकत नाही, कोणी टाकत नाही, हातोहात पुढं जातात. मामांना आजवर ही रीत फार आवडायची.

ताईशी बोलणं सगळ्यात अवघड गेलं. ठमी आता आधार न घेता बसायची, तिला काही झालं नव्हतं. मामा तिच्या दारात उभे राहून म्हणाले, मला कळायला हवं होतं. ताई बराच वेळ ठमीचे मोजे सरळ करत बसली. मग म्हणाली, "बाबा, तेव्हा मला कोणी सांगितलं असतं, तरी मी तिला त्यातच झोपवलं असतं. मला झोप हवी होती." असं म्हणून ती रडली, आणि मामांना काय करावं कळेना म्हणून ते ठमीचे मोजे पुन्हा उलटे करत बसले.

राहिली काजवाली. सगळ्यांना वाटेल की तिनं तर खुर्ची आधी फेकली असेल. दवाखान्यातून घरी आल्यावर तिनं ती परत मशीनपाशी ठेवली होती. मामा न्यायला गेले तेव्हा तिनं हातातला शर्ट खाली ठेवला नाही. म्हणाली, डॉक्टरबाई म्हणाल्या झोपवू नका, मी नाही झोपवत. आतला मऊ वळसाही तिनं काढून टाकला होता. मामा म्हणाले, वळसा काढला तरी पाठ रेललेलीच आहे, ते झोपेल. ती म्हणाली, मग मी लक्ष ठेवते.

"सुई सोडून?" मामांनी विचारलं.

तिनं मशीन थांबवलं. "मास्तर, तुम्ही खुर्ची न्याल. बाळ कोण नेणार?"

मामा खुर्ची तिथंच ठेवून मागं फिरले. ते वर गेले. मामींनी वाढलेलं तसंच राहिलं. एरवी ते न जेवले तर मामी आधी भाजीची बाजू घेऊन भांडतात. त्या दिवशी भांडल्या नाहीत. खाली मशीन चालू झालं की मामा घास हातात धरून ऐकायचे, आणि मशीनच्या आवाजात दुसरं काहीच ऐकू येत नाही हे त्यांना आता पक्कं माहीत होतं.

सकाळी ते दाभण आणि कात्री घेऊन खाली गेले. तिला विचारलं नाही. बाळ तिच्या कडेवर होतं. मामांनी तिच्यासमोर जमिनीवर बसून खुर्चीची शिवण उसवली. वापरातली शिवण त्यांनी आजवर कधी उसवली नव्हती. चांगल्या शिवणीला कात्री लावायची म्हणजे स्वतःच्या थोबाडीत मारायची, असं ते म्हणत. कापड, फोम, पट्टा, सगळं वेगळं केलं आणि सळई दोन्ही पायांखाली घेऊन वाकडी केली. काजवाली भिंतीला टेकून बघत राहिली. मग मामा वरून एक गादी घेऊन आले. कडक, सपाट, चालकाच्या सीटेसारखी. उशी नाही, काठ नाही, दिसायला अगदी दळभद्री. ती मशीनपासून हातभर अंतरावर घातली. बाळाला तिच्यावर झोपवलं तर बाळानं घर डोक्यावर घेतलं.

म्हणून मामा तिथंच बसले. आता रोज दुपारी बसतात. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं असतं. मैदानातून ड्रायव्हर ओरडतात, मास्तर कुठं गेले, तर चहावाला ओरडून सांगतो, मास्तर आया झाले. मामा थोपटतात, गुणगुणतात. गाणं एकच येतं आणि त्याचीही चाल चुकीची आहे. बाळ अर्धा वेळ रडतं. मामी संध्याकाळी येऊन त्यांना उठवतात, कारण जमिनीवर बसून त्यांचे गुडघे धरतात, आणि सगळ्यांच्या कंबरेची चौकशी करणाऱ्या माणसाला स्वतःला हात धरून उठवावं लागतं याची त्या मनसोक्त मजा घेतात.

काजवाली मामांशी बोलत नाही. काही सांगायचं झालं तर बाळाला सांगते. सांग रे त्यांना, चहा गार होतोय. सांग रे त्यांना, ते उन्हात आलेत. मामाही बाळालाच उत्तर देतात. मला हे पहिल्यांदा ऐकून हसू आलं होतं. मग तिचं तोंड पाहिलं आणि हसू गिळलं. काजं पूर्वीइतकी होत नाहीत, गठ्ठे भिंतीशी साठतात. ती मामांवर चिडली आहे आणि तिचं चुकत नाही. मामा तिथं का बसतात, माफी मागायला की पहारा द्यायला, हे त्यांनाही सांगता येणार नाही.

परवा मी गेलो तेव्हा बाळ पाठीवर, हात डोक्याच्या दोन्ही बाजूंना टाकून झोपलं होतं. मामा बाहेर जिन्यात फोनवर होते. कोणा अनोळखी बाईला समजावत होते: हो, बाळाची हलती खुर्ची, निळं रेक्झिन, कडेला पांढरी शिवण, तुमच्या आधी जे राहत होते त्यांच्याकडे होती, ते कुठं गेले काही कळेल का. पलीकडून फोन बंद झाला असावा. ते आत येऊन खाली बसले, बाळाच्या छातीकडे बघत.

काजवालीनं दोरा तोडला. पुढचा शर्ट घेतला, सुईखाली सरकवला, पण पाय पट्टीवर ठेवला नाही.

"ती एक सापडली का, मास्तर?" तिनं विचारलं. बाळाला नाही, मामांना.

मामांनी मान हलवली. नाही.

तिनं पाय पट्टीवर ठेवला आणि मशीन चालू केलं.