चोपड्याचा कॉम्प्युटर आणि एंटरवरचं कुंकू

जुने कॉम्प्युटर मिळवून ते चालू करायचं माझं वेड ओळखीच्यांना आता पाठ झालंय. चोपड्याचे एक निवृत्त शिक्षक शाळेनं भंगारात काढलेला पहिलावहिला कॉम्प्युटर घरी जपून आहेत, पण तो यंदा अडलाय, असं कळलं आणि मी कुणालाही न विचारता पिशवी भरली. विचारायला घरात कुणी नव्हतंच म्हणा.

पुण्याहून रेल्वेनं जळगाव, पुढे एसटी. तापी ओलांडली की दोन्हीकडे केळी आणि समोर सातपुडा. थंडीत गेलात तर वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी चुकवू नका. फक्त एक ताट दोघांना पुरतं. माझं अर्धं उरलं, तेव्हा समोरची रिकामी खुर्ची जरा जास्तच दिसली.

ते शिक्षक, गावाचे आबा, दारातच उभे होते. त्यांचा कॉम्प्युटर म्हणजे एक जाडजूड कीबोर्ड. यंत्र त्याच्याच पोटात, पडदा म्हणून घरचा टीव्ही आणि प्रोग्राम साध्या कॅसेटवर. गावातल्या पोरांनी स्वतःचं नाव टीव्हीवर पहिल्यांदा पाहिलं ते यामुळेच. दर दसऱ्याला पूजा करून आबा तो चालू करत. यंदा टीव्हीवर अक्षरं उमटली, पण एंटरचं बटण दबेना.

"घरी कोण कोण, ताई?" त्यांनी चहा देत विचारलं.

"मी आणि माझे कॉम्प्युटर."

आबा हसले नाहीत. मी बटण उचकटलं, तर खाली कुंकवाचा घट्ट थर!

"अहो आबा, एवढं कुंकू?"

"तिनी सवय शे. 'तुमनं बोट आठेच जास ना, मंग मी बी आठेच लावसू,' म्हने."

आबांचं बोट सारखं एंटरवरच जायचं, म्हणून त्यांची बायको पूजेचं कुंकूही तिथेच लावायची. ती याच पावसाळ्यात गेली. यंदाची पूजा त्यांनी एकट्यानं केली होती. मी ब्रश लावताच त्यांनी माझा हात थांबवला.

"बठ्ठं पुसा, पन हाई नको."

"बाकी सगळं पुसायचं आणि हे नको? मग तो चालणार नाही."

आबांनी कुंकवावर हलकेच बोट टेकवलं. "मंग बंदच राहू द्या त्याले."

जपायचं म्हणजे चालू ठेवायचं, असं मी आजवर सगळ्यांना ऐकवत आले. त्या दिवशी मात्र गुमान बटण परत बसवलं. येताना आबांनी केळ्यांची अख्खी फणी दिली. एकटीला संपणार नव्हती, तरी पिशवीत भरली.

घरी आल्यावर माझे सगळे कॉम्प्युटर लावून पाहिले. सगळे चालले. कुठे धुळीचा कण नाही. माझ्यामागे ते कुणीतरी नेईल, कदाचित नीट जपेलही. पण हे पुसू नका, असं सांगण्यासारखं त्यांच्यावर काहीच नाही.