बंद स्क्रीनसमोरची शिकवणी

माझी नजर गेली तेव्हा शाळेने मला काढलं नाही. खुर्ची तीच ठेवली, पगार तोच ठेवला, फक्त माझ्या टेबलावरचं काम उचलून शेजारच्या टेबलावर नेलं. कडावजवळच्या एका हायस्कूलमध्ये मी लिपिक. "तुम्ही आता निवांत बसा," मुख्याध्यापक म्हणाले. निवांत बसणं काय असतं ते त्यांना कधी भोगावं लागलेलं नाही. सकाळी चहा, दुपारी चहा, आणि मधल्या वेळात येणारा-जाणारा प्रत्येकजण माझ्या खांद्यावर हात ठेवून पुढे जायचा. दिवसभर माणसांत बसून मी इतका एकटा कधी पडलो नव्हतो.

मला माझं काम परत हवं होतं. शाळा सोडल्याचे दाखले, बोनाफाईड, पत्रं; अर्धं आयुष्य ज्यात गेलं ते काम. स्क्रीनवरचं सगळं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं आणि आंधळी माणसं त्यावर नोकऱ्या करतात, एवढं मी रेडिओवर ऐकलं होतं. शिकवणार कोण, हे रेडिओने सांगितलं नव्हतं.

बायको मला कर्जतच्या एका कॉम्प्युटर क्लासला घेऊन गेली. तिथले सर फार नम्र. "इथे क्लिक करा," म्हणायचे आणि माझा हात माउसवर ठेवून स्वतःच फिरवायचे. ते बोलणारं सॉफ्टवेअर त्यांनी टाकलं, पण बाकीच्यांना त्रास होतो म्हणून त्याचा आवाज बंद ठेवला. आठवड्याभरात त्यांनी मला बाजूला घेतलं. "रोज कशाला हेलपाटे घालता? परीक्षेच्या दिवशी या. शेजारी आमचं कुणीतरी बसेल. सर्टिफिकेट मिळून जाईल." ते हे मनापासून म्हणत होते, म्हणून जास्त लागलं. मी तावातावाने उठलो आणि दार ढकलून बाहेर पडलो, तर ते बाथरूमचं निघालं. बायको हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं.

मुंबईत सोय होती, पण रोज नेणार-आणणार कोण? फोनवर फोन केले. शेवटी कुणीतरी चौकचा पत्ता दिला. जुन्या हायवेवर, भावाच्या स्पेअर पार्टच्या दुकानामागे राहणारा एक माणूस. जन्मापासून आंधळा, मुंबईला हेच सॉफ्टवेअर शिकून आलेला.

सुट्टीच्या दिवशी मी कर्जतहून शेअर रिक्षाने चौकला जायला लागलो, एकटाच. रिक्षातून उतरलो की कुणीतरी दंड धरून मला रस्ता ओलांडून द्यायचं. दुकान रस्त्याच्या अलीकडेच होतं. मी सांगेपर्यंत तो भला माणूस निघून गेलेला असायचा आणि मी पलीकडे उभा राहून दुसऱ्या भल्या माणसाची वाट बघायचो.

शिकवणारा माझ्याहून लहान, तरी त्याने पहिल्या दिवसापासून मला दादा म्हटलं आणि पहिल्या दिवसापासून झापलं. मॉनिटरची वायर त्याने काढूनच ठेवली होती. "आपल्या दोघांनाबी दिसत नाय, मग लाइट कुणासाठी जाळायची?" त्याच्या अम्मीने चहा आणून दिला आणि कप कुठे ठेवला ते नीट सांगितलं. असं सांगणारं माणूस मला फार दिवसांनी भेटलं.

माझी खोड अशी की मी मोजायचो. फाईल उघडायची तर टॅबचं बटण इतक्या वेळा, छापायचं तर इतक्या वेळा. सगळं घरून पाठ करून यायचो. उशिरा नजर गेलेल्यांचं असंच होतं, डोक्यात जुन्या स्क्रीनचं चित्र असतं आणि त्यातली अंतरं आपण मोजत बसतो. त्याने एक दिवस मुद्दाम माझ्या फाईली इकडच्या तिकडे केल्या. मी हिशोबाने टॅब दाबले आणि भलतंच पत्र छापायला लावलं.

"मोजू नका, दादा. ते बोलतंय ना, ते ऐका."

"ऐकतोय की."

"नाय ऐकत. तुमी अजून बघताय."

मला राग आला. खरं बोलल्याचा येतो तसाच. त्या दिवसापासून मी मोजणं सोडलं. शेजारच्या गॅरेजात हातोडे चालायचे, म्हणून आम्ही दोघं आपापले हेडफोन लावून तासन्‌तास न बोलता बसायचो. मला ते एकटेपण चाललं, कारण त्यात काम होतं.

पावसाळा गेला आणि मी शाळेत पहिला दाखला स्वतः केला. शिपाईमामांनी रजिस्टरमधून वाचून सांगितलं, मी टाइप केलं, परत ऐकून तपासलं, छापलं. मुख्याध्यापकांनी सगळ्यांना बोलावलं. टाळ्या वाजल्या. पेढे आले. मी घरी जाऊन बायकोला सगळं दोनदा सांगितलं.

मग रोजच दाखले करू लागलो. काही दिवसांनी लक्षात आलं की माझा कागद प्रिंटरमधून निघाला की खोलीत काहीच होत नाही. थोड्या वेळाने शेजारच्या टेबलावर कीबोर्ड वाजतो, प्रिंटर पुन्हा चालतो, आणि मग शिक्का पडतो.

चौकला जाऊन मी हे सांगितलं. "दुकानाची बिलं मीच करतो," तो म्हणाला. "रात्री भाऊ ती पुन्हा नव्याने करतो. त्याला वाटतं मला कळत नाय."

दुसऱ्या दिवशी कीबोर्ड वाजायला लागला तेव्हा मी शेजारच्या टेबलाकडे वळलो. तिथली लिपिक मुलगी माझ्याच हाताखाली शिकलेली.

"माझ्या दाखल्यात चुका असतात का गं?"

कीबोर्ड थांबला. "नाय सर. एकबी नाय."

"मग?"

"मोठ्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं, परत करून घे म्हणून. नको करू असं कुणी बोललंच नाय."

"मग मी बोलतो. उद्यापासून नको करू."

ती अगदी मायेने म्हणाली, "मोठ्या सरांना विचारते हां." आणि राहिलेला दाखला पुरा करायला लागली.